एक गिटार, एक लूपर आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की सध्या मी एकटीच वाजवते, बँड नाही, गायक नाही, फक्त गिटार आणि पायाखाली लूपर, आणि त्यावर एवढे मेल आलेत की या वेळेस बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून याचीच उत्तरं देतेय. ज्यांना लूपर माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगते, पायाने दाबायचं छोटंसं मशीन, एकदा दाबलं की तुम्ही वाजवताय ते रेकॉर्ड होतं, परत दाबलं की तेच पुन्हा पुन्हा वाजत राहतं आणि त्यावर तुम्ही दुसरं काहीतरी वाजवून थर चढवू शकता.

प्रश्न : ताई, दोन महिन्यांपूर्वी लूपर घेतला. पहिला थर मस्त वाटतो, दुसराही चालतो, तिसरा टाकला की सगळी खिचडी. गिटार चांगली आहे, अँप (अँप्लिफायर) चांगला आहे, मग चुकतंय कुठे? (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, पुणे)

खिचडी होतेय कारण तिन्ही थर एकाच जागेवर येऊन बसलेत. आपल्याला सवय कसली असते तर गिटार हातात आली की सहाच्या सहा तारा वाजवायच्या, आणि एकट्या गिटारला ते शोभतंही, पण लूपरवर तोच कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) पहिल्या थरात, तोच दुसऱ्यात जरा वेगळ्या स्ट्रमिंगने, आणि तिसऱ्यात त्याच पट्ट्यात लीड (एकेका स्वराची धून), मग कानाने शोधायचं काय? सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की साधारण ८२ हर्ट्झ (सेकंदाला ८२ कंपनं), सगळ्यात बारीक मोकळी वाजवली की साधारण ३३०. म्हणजे मोकळ्या तारांचा पसारा फक्त दोन सप्तकांचा. तेवढ्यात चार जणांना कोंबलं की एकमेकांच्या पायावर पाय पडणारच.

मी काय करते ते सांगते, जसंच्या तसं करून बघ आणि मग तुझं तू बदल. तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावायच्या, आपल्या भाषेत जाड तारेपासून सा-प-सा-म-प-सा. पहिला थर म्हणजे फक्त खालचा सा, अंगठ्याने, बारा सेकंदांत तीनदा, आणि तीनही वेळा सारख्या अंतराने नाही. बस्स, एवढंच. रिकामं वाटेल, खूप रिकामं वाटेल, हात शिवशिवेल, तरी काही घालायचं नाही. मग दोरीवरचा कपड्यांचा चिमटा घ्यायचा, खरंच कपड्यांचा, तो ब्रिजपासून (तारा गिटारच्या अंगावर टेकतात ती घोडी) दोन बोटं अंतरावर मधल्या दोन तारांना लावायचा आणि तिथे हलक्या हाताने छेडायचं. गिटारचा ओळखीचा आवाज जातो आणि पत्र्याच्या डब्यावर थेंब पडावेत तसं काहीतरी येतं, चिमटा अर्धा इंच सरकवला की स्वर बदलतो. हा दुसरा थर. चिमटा काढून ठेवायचा. तिसऱ्याला बाराव्या पट्टीच्या (फ्रेटच्या) वर जायचं, गिटारची व्हॉल्यूम नॉब शून्यावर ठेवून तार छेडायची आणि मग करंगळीने नॉब उघडायची, म्हणजे छेडल्याचा टणत्कार ऐकूच येत नाही, स्वर हार्मोनियमच्या भात्यासारखा फुगत येतो. आता बघ, तीन थर आहेत पण एक खाली आहे, एक मध्ये टकटक करतोय, एक वर तरंगतोय, आणि मध्ये मोकळी जागा शिल्लक आहे जिथे तू लाइव्ह वाजवू शकतोस. ब्रिटिश गिटारवादक कीथ रो तर १९६० च्या दशकापासून गिटार टेबलावर आडवी ठेवून तारांवर नाना वस्तू लावून वाजवत आलेत, त्यामुळे चिमटा लावताना लाज वाटून घेऊ नकोस.

आता वायरिंगचं. तू लिहिलंयस की डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटवणारा इफेक्ट) अँपमधलं वापरतोस आणि लूपर गिटार आणि अँपच्या मध्ये लावलाय. निम्मी खिचडी तिथेच आहे. असं लावलं की तिन्ही थर आधी एकत्र होतात आणि मग ते सगळं गाठोडं डिस्टॉर्शनमधून जातं, आणि डिस्टॉर्शनचा गुणच असा की दोन वेगवेगळे स्वर एकदम आत गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच स्वर बाहेर पडतात. अँपच्या मागे इफेक्ट्स लूपची (अँपच्या डिस्टॉर्शननंतर बाहेरचं पेडल जोडायची सोय) सेंड आणि रिटर्न अशी दोन भोकं असतील तर लूपर तिथे लाव. नसतील तर डिस्टॉर्शनचं वेगळं पेडल घे आणि ते लूपरच्या आधी लाव, म्हणजे प्रत्येक थर आपापला रंग घेऊन आत जाईल. रिव्हर्बचं, म्हणजे खोलीतल्यासारखा घुमारा देणाऱ्या इफेक्टचं, मात्र उलटं. तो लूपरच्या नंतर असला तर सगळे थर एकाच खोलीत वाजल्यासारखे वाटतात.

आणि सगळं जोरात वाजवू नकोस. सारख्याच जोराचे चार थर एकावर एक आले की एकूण आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, तुझ्या लाइव्ह गिटारला डोकं वर काढायला जागाच उरत नाही. पहिला थर तुला वाटतो त्याच्या निम्म्या ताकदीने वाजव.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, राहायला मिरजेत, आयुष्य शास्त्रीय संगीत ऐकण्यात गेलं. नातू हे लूपरचं प्रकरण करतो. मशीनच परत परत वाजवणार असेल तर त्यात कलाकाराचं काय? हे कुणी सुरू केलं आणि कशासाठी? रागावू नका, मनापासून विचारतोय. (मिरज)

काका, रागावण्याचा प्रश्नच नाही, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, आणि तुम्ही मिरजेचे आहात म्हणून तर उत्तर द्यायला जास्तच मजा येणार आहे, का ते पुढे येईल.

सुरुवात टेपच्या काळात झाली. अमेरिकेत लेस पॉल नावाचे गिटारवादक १९४० च्या दशकातच स्वतःच्याच वादनावर स्वतः परत वाजवून थर चढवत होते, पण ते रेकॉर्डिंगसाठी. आज लूपर ज्या पद्धतीने लाइव्ह वापरतात त्याचं मूळ टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराकडे जातं. १९६३ मध्ये पॅरिसमधल्या रेडिओ स्टुडिओत काम करताना तिथल्या इंजिनिअरने त्यांना दोन टेपरेकॉर्डर जोडून दिले. पहिल्या मशीनवर रेकॉर्ड होतं, टेप तिथून सरळ शेजारच्या दुसऱ्या मशीनपर्यंत ताणलेली, दुसरं मशीन ते वाजवतं आणि तो आवाज परत पहिल्याकडे रेकॉर्डिंगला पाठवतं. मधलं अंतर जेवढं तेवढा उशीर. हिशोब सोपा आहे, टेप सेकंदाला १९ सेंटिमीटर पळत असेल आणि दोन मशीनच्या हेडमध्ये ९५ सेंटिमीटर अंतर असेल तर तुम्ही वाजवलेला स्वर पाच सेकंदांनी परत येतो, मग अजून पाच सेकंदांनी परत, मग परत. अमेरिकेतच संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस याही १९६० च्या दशकात टेपच्या अशाच उशिरावर काम करत होत्या. पुढे १९७२ मध्ये लंडनला संगीतकार ब्रायन ईनो यांच्या घरी गिटारवादक रॉबर्ट फ्रिप हेच दोन मशीनचं तंत्र वापरून इलेक्ट्रिक गिटार वाजवत बसले, त्याचा अल्बम १९७३ ला आला, आणि १९७९ मध्ये तेच फ्रिप एक गिटार आणि दोन टेपरेकॉर्डर घेऊन मोठी थिएटर सोडून रेकॉर्डची दुकानं, रेस्टॉरंट अशा लहान जागांमध्ये एकटे वाजवत फिरले. आम्ही सगळे एकटे वाजवणारे त्यांच्याच पंगतीतले.

आता यात कलाकाराचं काय, तर काका, टेपची गंमत ऐका. प्रत्येक फेरीला आवाज थोडा कमी होतो, थोडा मळतो, वरचे बारीक स्वर आधी झिजतात. पाचव्या-सहाव्या फेरीला तुमचा मूळ स्वर नुसती सावली होऊन उरलेला असतो आणि त्यावर तुम्ही नवीन काहीतरी घालत असता. म्हणजे ते मशीन तेच ते वाजवत नव्हतं, ते हळूहळू विसरत होतं, आणि वाजवणाऱ्याला सतत ठरवावं लागत होतं की काय जाऊ द्यायचं आणि काय पुन्हा भरायचं. आजचे बरेचसे डिजिटल लूपर काहीच विसरत नाहीत, शंभराव्या फेरीलाही पहिल्या फेरीइतकंच चकचकीत. तुमची तक्रार जर या गोष्टीबद्दल असेल तर मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे. नातवाला विचारा, त्याच्या मशीनला फीडबॅक किंवा डिके (प्रत्येक फेरीला किती आवाज टिकवायचा ते ठरवणारी) अशी नॉब किंवा सेटिंग आहे का, असेल तर शंभरावरून ऐंशी-पंच्याऐंशीवर आणायला सांगा आणि परत ऐका. मला खात्री आहे तुम्हाला फरक त्याच्या आधी कळेल, कारण तुमचा कान तंबोऱ्यावर तयार झालाय. तंबोरासुद्धा चारच तारा, तोच क्रम, तास-दोन तास, पण त्याला कुणी कंटाळवाणं म्हणत नाही, कारण जवारी नीट लागलेली असली, दोरा बरोबर जागी असला की प्रत्येक फेरीत वेगळा स्वयंभू स्वर वर येतो. तो तालातही बांधलेला नसतो. मी पहिला थर टाकताना डोक्यात तंबोराच असतो.

आणि आता मिरजेचं. हेच टेरी रायली १९७० मध्ये गायक पंडित प्राणनाथ यांचे शिष्य झाले, आणि पंडितजी १९९६ ला गेले तोपर्यंत त्यांच्याकडे शिकत राहिले. प्राणनाथ हे उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, म्हणजे किराणा घराणं, म्हणजे ज्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ तुमच्या मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला गाणं-बजावणं होतं त्यांचंच घराणं. एकेका स्वरावर थांबणं, तो सावकाश उलगडणं हे किराण्याचं वैशिष्ट्य तुम्हाला मी काय सांगणार. नातवाच्या पायाखालच्या डबीची वंशावळ काढत गेलात तर ती पॅरिसवरून फिरून तुमच्या गल्लीत येते. त्याला या वर्षी उरुसाला सोबत घेऊन जा ना काका.

प्रश्न : कोणता लूपर घेऊ? आयटीत आहे, रात्री हेडफोन लावून वाजवते, फार खर्च नको. (हिंजवडी)

आधी एक प्रश्न स्वतःला विचार, लॅपटॉप चालेल का? चालत असेल आणि घरी साधा ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी) असेल तर सूपरलूपर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात फीडबॅक कमी-जास्त करता येतो, एकावेळी अनेक लूप ठेवता येतात, आणि वर काकांना सांगितलेलं ते विसरणारं लूपिंग तिथे पहिल्या दिवसापासून करता येतं. अडचण एवढीच की दिवसभर स्क्रीनसमोर बसून परत रात्री स्क्रीन. मला स्वतःला नको वाटतं.

पेडल घ्यायचं तर एका बटणाचं घे. टीसी इलेक्ट्रॉनिकचा डिट्टो पाच मिनिटांचा लूप देतो, बॉसचा आरसी-१ बारा मिनिटांचा, आणि खरं सांगू, मी एका मिनिटाच्या वर लूप क्वचितच करते, त्यामुळे मिनिटांच्या आकड्याला भुलू नकोस. दुकानदार तुला नव्व्याण्णव मेमरी आणि ड्रमचे पॅटर्न दाखवेल. आपल्याला जे करायचंय त्यात आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं काही नकोच आहे, सगळं त्या क्षणी बनवायचंय. या एका बटणाच्या पेडलवर डिके नसतो, पण लूपरच्या नंतर नाही, त्याच्या आधी एक लांब उशिराचं डिले पेडल (वाजवलेलं थोड्या वेळाने परत ऐकवणारं) ठेवलंस आणि त्याची रिपीट्सची नॉब बरीच वर नेलीस तर डिले विसरत राहतो आणि लूपर फक्त पायासारखा खाली बसतो. ही जोडी मला कुठल्याही महागड्या मशीनपेक्षा जास्त देते. सेकंडहँड बघत असशील तर लाइन सिक्सचा हिरवा डीएल-४ मिळाला तर हातचा सोडू नकोस, १९९९ चं मशीन आहे, लूप फक्त चौदा सेकंदांचा, पण अर्ध्या वेगाने आणि उलटं वाजवतो. अर्ध्या वेगाने म्हणजे सगळं एक सप्तक खाली जातं, गिटारचा एकदम चेलो होतो, आणि रात्री हेडफोनवर ते पहिल्यांदा ऐकशील तेव्हा झोप उडेल.

प्रश्न : माझा लूप नेहमी अडखळतो, जिथे संपून परत सुरू होतो तिथे ठेच लागल्यासारखं होतं. मी तबला पण शिकतो. अकरावीत आहे. (छत्रपती संभाजीनगर)

अरे तबला शिकतोस म्हणजे तुझं अर्धं काम झालंय! ठेच लागते कारण तू बटण शेवटच्या मात्रेनंतर दाबतोस, वाजवून झालं की मग पाय जातो. दाबायचं पुढच्या समेवर. सोळा मात्रांचा तीनताल आहे ना, तर पहिल्या समेला रेकॉर्ड दाब, सोळावी मात्रा पूर्ण जाऊ दे, आणि जी सतरावी येईल, म्हणजे पुढची सम, त्यावर दाब. तुझ्या गुरुजींनी तिहाई समेवर आणायला शिकवलं असेल, तेच पायाने करायचंय. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत तीनताल बरोबर आठ सेकंदांचा होतो, घड्याळ लावून बघ तुझा लूप किती जवळ येतोय. आणि तुझ्या पेडलवर दुसऱ्यांदा दाबलं की नुसतं वाजायला लागतं की लगेच पुढच्या थराचं रेकॉर्डिंग सुरू होतं हे मॅन्युअलमध्ये एकदा वाच, हे प्रत्येक मशीनला वेगळं असतं.

पायाचं सांगते. माझी आई शिलाई मशीन चालवायची, पायाचं मशीन, आणि बोलता बोलता, कापडाकडे बघत, पाय बरोबर कापडाच्या काठावर थांबायचा. ती पायाकडे कधी बघायची नाही. मी लूपर घेतला तेव्हा पहिले पंधरा दिवस गिटार न घेता नुसता पाय मारायचा सराव केला, तोंडाने बोल म्हणत. टाच जमिनीला टेकलेली, फक्त पुढचा पंजा वर-खाली. टाच उचललीस की अख्खा पाय आपटतो, उशीर होतो.

हे जमलं की मग खरी मजा सुरू, कारण तुला ताल येतात. सात मात्रांचा रूपक एका लूपवर आणि आठ मात्रांचं काहीतरी दुसऱ्यावर लाव, दोघांची लय एकच. दोघांची सम एकत्र कधी येईल? छप्पन्न मात्रांनी. १२० च्या लयीत म्हणजे अठ्ठावीस सेकंदांनी, आणि मधल्या वेळात दोन्ही एकमेकांवरून सरकत राहतात, तुझ्या हातून न वाजवलेल्या नवीनच चाली ऐकू येतात. स्टीव्ह राईश या अमेरिकन संगीतकाराला १९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत असंच काहीतरी सापडलं, रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाच्या आवाजाचे दोन अगदी सारखे टेप लूप त्यांनी दोन मशीनवर एकदम सुरू केले, मशीनचा वेग किंचित वेगळा, त्यामुळे एक लूप हळूहळू मागे पडत गेला, आणि त्या मागे पडण्यावरच त्यांनी पुढची कित्येक वर्षं संगीत लिहिलं. १९८७ मध्ये गिटारवादक पॅट मेथिनींसाठी त्यांनी एक रचना केली त्यात दहा गिटार आणि दोन बेस आधी रेकॉर्ड केलेले आणि वर एकच गिटार लाइव्ह. शोधून ऐक, हेडफोनवर, दोन्ही कान लावून.

तुझ्याकडे दोन लूपर नसतील तर मित्राचा एक आण, एकामागे एक जोड. यात एक खाच आहे. पहिल्या लूपरमधून निघालेलं सगळं दुसऱ्यातून जातं, त्यामुळे दुसऱ्यावर रेकॉर्ड करताना पहिला चालू असेल तर तोही आत रेकॉर्ड होतो. म्हणून आधी लांबचा, म्हणजे अँपजवळचा लूपर भर, मग गिटारजवळचा.

प्रश्न : घर जुनं आहे, लूपर लावला की घूंऽऽ असा आवाज येतो, आणि थर चढवत गेलं की तो वाढतच जातो. पेडल खराब आहे का? (रत्नागिरी)

पेडल खराब असण्याची शक्यता कमी. वाढतो कारण प्रत्येक थरासोबत तो आवाज पुन्हा नव्याने रेकॉर्ड होतो, लूपर तेवढा निष्पक्ष असतो. आधी खोलीतल्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, जुन्या घरांत तीन भोकांचं सॉकेट असतं पण मागे अर्थची वायरच नसते. अँपच्या प्लगची अर्थ पिन कधीही काढू नका, कुणी कितीही सांगितलं तरी, गिटारच्या तारा तुमच्या बोटांखाली असतात आणि शॉक सरळ तुम्हाला बसतो. मग अॅडॉप्टर बघा, बहुतेक पेडलना ९ व्होल्ट डीसी, मधे निगेटिव्ह असा लागतो. एकाच अॅडॉप्टरवर फांद्या काढून चार पेडल चालवत असाल तर डिजिटल पेडलची चिरचिर बाकीच्यांत घुसते, तिथे प्रत्येक आउटपुट वेगळं असलेला आयसोलेटेड पॉवर सप्लाय घ्या. माझ्यावर ही वेळ लोकांसमोर आली होती, एका छोट्या हॉलमध्ये, दोन पिनचं एक्स्टेंशन बोर्ड दिलं होतं आणि मी ते मुकाट्याने घेतलं. पहिल्या थरात घूं बारीक होतं, चौथ्या थराला तेच मुख्य वाद्य झालं, मी सगळं पुसलं आणि उरलेला अर्धा तास लूपरशिवाय वाजवलं. तेव्हापासून माझं एक्स्टेंशन माझ्या बॅगेत असतं आणि पोचल्या पोचल्या आधी रिकामा लूप रेकॉर्ड करून ऐकते, काही न वाजवता, दहा सेकंद.

प्रश्न : इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात दहा मिनिटं मिळालीत. गाणं नाही, शब्द नाहीत, फक्त मी, गिटार आणि लूपर. लोक विचारतील गाणं कधी सुरू होणार. काय करू? आणि संपवायचं कसं तेच मला कळत नाही, माझं नेहमी बटण बंद केल्यासारखं संपतं. (न्यू जर्सी)

सुरुवातीला दोन वाक्यं बोल. पेडल हातात उचलून दाखव, हे काय करतं ते सांग, लहान मुलं पुढे बसलेली असतील तर एखाद्याला एक तार छेडायला लाव आणि तोच तुझा पहिला थर. एकदा लोकांना कळलं की हे सगळं आत्ता इथेच बनतंय की ते गाण्याची वाट बघणं सोडतात, हा माझा बऱ्याच वेळचा अनुभव आहे. पण त्यांना खूश करायला मधेच ओळखीच्या गाण्याची धून घुसवू नकोस, कारण ती आली की लोक गुणगुणायला लागतात आणि मग तू जे बांधत होतीस ते सुटतं, परत बांधायला दहा मिनिटांत वेळ नाही. दहा मिनिटं मिळाली असतील तर आठ मिनिटांचं कर. पहिला एक मिनिट लूपरला पायच लावू नकोस, नुसती गिटार, म्हणजे मग पहिला लूप परत येतो तेव्हा तो आल्याचं सगळ्यांना जाणवतं.

आता शेवट. एका बटणाच्या पेडलवर थर एकेक करून काढता येत नाहीत, अनडू केलं तर फक्त शेवटचा जातो, आणि बटण दोनदा दाबून थांबवलं की कुणी मेन स्विच बंद केल्यासारखं होतं, तुझी तक्रार बरोबर आहे. पण पेडलवर लेव्हलची एक नॉब असते ना, ती फक्त लूपचा आवाज कमी करते, तुझी लाइव्ह गिटार आहे तशीच राहते. मी अनवाणी वाजवते ते त्याच्यासाठीच. शेवटच्या दीड मिनिटात लूपमध्ये जो खालचा सा चाललाय तोच मी हाताने लाइव्ह वाजवायला लागते, त्याच्याच जागी, आणि त्याच वेळेस पायाच्या अंगठ्याने ती नॉब केसभर केसभर मागे नेत राहते, पूर्ण शून्यावर यायला चाळीस-पन्नास सेकंद तरी लावायचे. घरी याचा सराव कर, नॉब कडक असते आणि अंगठा घसरतो, घसरला तर आवाज एकदम पडतो. नीट जमलं की लूप कधी गेला ते समोरच्यांना कळत नाही, त्यांना वाटतं तो चालूच आहे, आणि प्रत्यक्षात तिथे फक्त तुझी एक तार वाजत असते. ती शेवटची वाजवलीस की हात तारांवरून बाजूला घे, मांडीवर ठेव, आणि टाळ्यांच्या आधी ती आपसूक विझेपर्यंत थांब, जाड तार आहे, बराच वेळ लागतो.